एकांतात विचारलेला प्रश्न

“मुलीला शिकवायची आमची तयारी आहे, पण लोक थांबू देत नाहीत,” हे वाक्य परभणीत समुपदेशन करताना मी इतक्या पालकांकडून ऐकते की त्यावर एकदा सविस्तर लिहिणे आवश्यक वाटले. ओळख पटू नये म्हणून पुढील कुटुंबाचे तपशील बदलले आहेत.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलीला वडील घेऊन आले होते. तिचे जेवण तुटले होते, वारंवार चक्कर येत होती आणि डॉक्टरांना कोणताही आजार सापडला नव्हता. घरात स्थळ आले होते. तिच्याशी बोलून झाल्यावर मी वडिलांना त्यांचे स्वतःचे मत विचारले.

“माझ्या मताला काय करता मॅडम? तिच्या वयाच्या सगळ्या पोरी उजवल्या. लोकं नावं ठेवायलेत.”

“कोण ठेवते? माणसे सांगा.”

बऱ्याच वेळाने त्यांनी पाच जण सांगितले: त्यांची स्वतःची आई (म्हणजे मुलीची आजी), धाकटा भाऊ, मेव्हणा आणि भावकीतले दोघे. यांपैकी जे येतील त्यांना एकत्र नव्हे, तर एकेकट्याने पाठवा, असे मी सुचवले. हा आग्रह मी सर्वेक्षणांच्या अभ्यासातून घेतला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कौटुंबिक हिंसाचाराचे प्रश्न एका घरातील एकाच स्त्रीला विचारले जातात आणि एकांत मिळत नसेल तर ते विचारलेच जात नाहीत, कारण शेजारी कोण बसले आहे यावर उत्तर बदलते. आपल्याकडे लग्नाचा निर्णय मात्र भरल्या बैठकीत होतो, जिथे प्रत्येक जण इतरांच्या तोंडाकडे पाहून बोलतो.

भावकीतले दोघे आले नाहीत. मेव्हण्याने स्थळ सुचवले होते, पण ते घरचे शोधात आहेत असे समजून. त्याचा स्वतःचा आग्रह नव्हता. आजीने जे सांगितले ते मी विसरणार नाही.

“मला काही कळत नव्हतं तव्हा माझं लगीन लावलं. नातीनं शिकावं असंच वाटतंय मला. पण थोरला काही बोलंना, म्हणजे त्यालाच घाई हाय, असं धरून मी गप बसले.”

आईच्या गप्प बसण्यातून मुलाने नाराजी वाचली होती आणि मुलाच्या गप्प बसण्यातून आईने घाई. आजी आणि मेव्हणा या दोघांचीही परवानगी घेऊन मी ही गोष्ट वडिलांसमोर ठेवली, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे घाई फक्त धाकट्यालाच होती?”

माझ्या कामाचा गाभा मला इथे दिसतो. मन एकट्याचे नसते. ते इतरांच्या मताविषयी आपण बांधलेल्या अंदाजावर चालते, आणि तो अंदाज कोणी तपासत नाही. रियाधमधील तरुण विवाहित पुरुषांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसले. स्त्रियांनी घराबाहेर काम करावे असे बहुसंख्यांना खाजगीत वाटत होते, मात्र इतरांचा पाठिंबा ते प्रत्यक्षापेक्षा कमी समजत होते. खरे प्रमाण कळल्यावर पत्नीचे नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवणारे वाढले.

तरीही “लोक हा केवळ मनाचा भ्रम आहे” असे मी कोणत्याही पालकाला सांगत नाही. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरापूर्वी लग्न झालेल्यांचे देशातील प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ४७ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये सुमारे २३ टक्क्यांवर आले. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत परभणी जिल्ह्याचा आकडा ४८ टक्क्यांच्या आसपास होता. दडपण खरे आहे, आणि शेजारच्या तीन-चार घरांत मुली लवकर दिल्या गेल्या की ते किती जवळून जाणवते, हे आम्ही इथे रोज पाहतो.

म्हणून पालकांना मी सांगते की ज्यांची भीती वाटते त्यांची नावे लिहा, आणि त्यांतील जवळच्यांना एकेकटे गाठून विचारा. “मुलींनी शिकावे का?” असे विचारू नका, कारण त्याला सगळेच हो म्हणतात आणि चांगले दिसणारे उत्तर देण्याची ही सवय सर्वेक्षण करणाऱ्यांनाही नेहमी अडचणीत टाकते. “आपल्या हिचे लग्न दोन वर्षे थांबवले तर तुमचे काय मत आहे?” असे विचारा. मुलगी अठराच्या आतील असेल, तर मात्र मते गोळा करण्याचा प्रश्नच नाही. तिथे कायदा स्पष्ट आहे आणि १०९८ या क्रमांकावर मदत मिळते.

धाकट्या भावाचे मत एकांतातही बदलले नाही. वय वाढले की हुंडा वाढतो आणि सोयाबीनच्या पैशात तो बसणार नाही, असे त्याने सरळ सांगितले. मला हे उत्तर मोलाचे वाटले, कारण अब्रूच्या नावाखाली दडलेला पैशाचा प्रश्न त्यामुळे उघड्यावर आला आणि त्यावर भावाभावांत बोलता आले. त्याने अजून मनापासून होकार दिलेला नाही. अंतिम वर्षाची परीक्षा होईपर्यंत स्थळ पाहायचे नाही, एवढे त्याने मान्य केले आहे. हुंडा द्यायचाच कशाला, हा विषय पुढच्या भेटीसाठी आजींनी स्वतः काढला आहे.