धुऱ्यावरची निलगिरी तोडली तरी पुन्हा का फुटते? ठेवावी की काढावी?

भाऊ, तुम्ही विचारलंय की धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निलगिऱ्या उन्हाळ्यात तोडल्या, तर पावसाळ्यात एकेका बुंध्याला पंधरा-वीस फुटवे आले. हे झाड मरत का नाही, आणि ठेवलं तर कपाशीला बाधतं का? आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात आहे. वडिलांनी पूर्वेच्या धुऱ्यावर एक ओळ लावली होती. ती दोनदा तोडून विकली, तिसऱ्यांदा मुळापासून संपवली. या सगळ्यात माझे हात आहेत.

आपल्याकडचा सागवान उन्हाळ्यात पानं टाकून गप्प बसतो. निलगिरी बसत नाही. प्रत्येक पानाच्या बगलेत तिचा एक उघडा डोळा, म्हणजे फुटायला तयार कोंब असतो. ओल आणि ऊब मिळाली की तो लगेच फुटतो, ठरलेल्या मोसमाची वाट पाहत नाही. त्याशिवाय सालीच्या आत खोलवर आणखी डोळे तयार करणारा भाग असतो, आणि बुंध्याशी जमिनीलगत कंदासारखी गाठ असते. हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. तिथल्या वणव्यात शेंडा जळला तरी खालून उभं राहायचं, यासाठी ही सोय आहे. तुमची कुऱ्हाड तिच्या लेखी वणवाच. वरचं गेलं, पण मुळं जुनी आणि भरलेली आहेत, म्हणून फुटवा रोपापेक्षा कितीतरी जोरात वाढतो.

फुटव्याची पानं रुंद दिसली म्हणून वेगळंच झाड उगवलं असं समजू नका. लहानपणी तिची पानं रुंद असतात, मोठेपणी लांब, विळ्यासारखी वाकडी आणि खाली लोंबती होतात. त्या लोंबत्या पानांमुळे तिची सावली विरळ पडते. म्हणूनच मी म्हणतो, पिकाचं नुकसान सावलीपेक्षा मुळांनी जास्त होतं. आमच्या धुऱ्यालगतची चार-पाच तासं, म्हणजे ओळी, पऱ्हाटी (कपाशी) कायम गुडघ्याएवढीच राहायची. ऑक्टोबरात पाऊस सरला की ती आधी सुकायची. वरच्या थरातल्या आडव्या मुळ्या पिकाचीच ओल आणि खत खातात.

निलगिरी विहीर आटवते, असं लोक सरसकट सांगतात. ती काही जमिनीतून पंप लावल्यासारखं पाणी खेचत नाही, पण मुळं पोचतील तिथलं पाणी बाराही महिने वापरते. जिथं पाऊस बेताचा आणि लागवड दाट, तिथं खाली मुरणारं पाणी कमी होतं. कर्नाटकात तर 2017 साली सरकारने नव्या लागवडीवर बंदी घातली. धुऱ्यावरची दहा झाडं आणि दहा एकरांची लागवड एका मापाने मोजू नका, पण विहिरीच्या काठाला मी एकही ठेवणार नाही.

ठेवायची असेल तर वावरापासून दूर, मुरमाड पडीक जागेत ठेवा. पाणी साचणाऱ्या काळ्या चिबडात ती नीट येत नाही. तीन बाय दोन मीटरवर एकरी पावणेसातशेच्या आसपास झाडं बसतात. पाच-सात वर्षांत बल्ल्या किंवा कागदाच्या लगद्यापुरतं लाकूड मिळतं. फळ्या पाडायचा विचार करू नका, कोवळं लाकूड चिरताना आणि वाळताना फाटतं. तोडताना बुंधा वीतभर ठेवा, काप तिरपा घ्या म्हणजे पाणी साचत नाही, आणि साल फाटू देऊ नका. फुटवे कमरेएवढे झाले की एक किंवा दोन जोमदार ठेवून बाकीचे काढा. ठेवायचा फुटवा ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूचा निवडा, म्हणजे वारा त्याला बुंध्यावर दाबतो. पलीकडचा असेल तर वादळात जोडातून निखळतो. आमचे असे सहा गेले.

आणि हो, आपल्या मैदानी भागात बहुतेक लावतात ती तेलाची प्रसिद्ध निलगिरी नव्हे. तेलाची ती जात तामिळनाडूच्या थंड डोंगरावर येते. पानांचं तेल काढून पैसा होईल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

मारायची असेल तर नुसतं तोडून भागत नाही. बुंध्याभोवतीची माती उकरा आणि गाठीच्या खालपर्यंत सगळी साल सोलून काढा, कारण डोळे सालीतच आहेत. मग येईल तो फुटवा बोटभर असतानाच मोडत राहा. पानं होऊ दिली नाहीत तर मुळातला साठा संपतो. आम्हाला दीड वर्ष लागलं. मधल्या काळात धुऱ्याला लागून तीन फूट खोल चर मारला, त्याने आडव्या मुळ्या तुटल्या. काळ्या मातीत तो चर दोन पावसाळ्यांत बुजतो, पुन्हा उकरावा लागतो. पण पहिल्याच हंगामात तिथली तूर बाकीच्या वावराच्या खांद्याला लागली होती.