गेमही, गाणीही : एकाच हेडफोनमध्ये

रोज दोन-तीन तास संगणकावर गेम खेळतो आणि एरवी गाणी ऐकतो. पैसे मोजकेच आहेत. गेमिंग हेडसेट घेऊ की साधे हेडफोन?

संगीतासाठी बनवलेले साधे, तारेचे हेडफोन घ्या आणि माइक वेगळा घ्या. स्वस्त हेडसेटच्या किमतीत माइक, रंगीत दिवे, साउंडकार्ड, सॉफ्टवेअर अशा सगळ्यांचा वाटा असतो. ज्यातून आवाज निघतो त्या ड्रायव्हरच्या वाट्याला जे उरेल तेच. शिवाय स्फोट दणदणीत वाटावेत म्हणून अशा हेडसेटचा बेस बरेचदा फुगवलेला असतो. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकतो, हा आपल्या कानाचाच स्वभाव आहे. मग मागून येणाऱ्या शत्रूची पावलं त्या गडगडाटात हरवतात आणि गाण्यात डग्गा घुमत राहून गायकाचे शब्द मागे पडतात. दोन्हीकडे हवा असतो तो समतोल आवाजच, म्हणून गेमसाठी वेगळे आणि गाण्यांसाठी वेगळे हेडफोन घ्यायची गरज नाही.

खोक्यावरच्या ‘५० मिलिमीटर ड्रायव्हर’, ‘४० किलोहर्ट्झपर्यंत’ अशा आकड्यांवर विसंबू नका. माणसाला तरुणपणीही साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं आणि ड्रायव्हर मोठा म्हणून आवाज चांगला, असं काही नसतं. त्यापेक्षा तुमच्या कानात पक्कं बसलेलं एखादं गाणं लावून ऐका. मागचा तानपुरा वेगळा ऐकू येतो का, ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

माइक कॉलरला लावायचा छोटासा असला तरी चालेल. लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच जॅक असेल तर स्प्लिटर लागेल. त्याच्या पिनेवर तीन रेघा असायला हव्यात. दोनच असतील तर तो फक्त दोन हेडफोन जोडायचा स्प्लिटर असतो, माइक त्यावर चालत नाही.

‘७.१ सराउंड’ लिहिलेल्या हेडफोनमध्ये शत्रूची दिशा जास्त नीट कळते का?

अशा बहुतेक हेडफोनमध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर असतो. ७.१ म्हणजे चहूबाजूंना सात स्पीकर आणि एक बेसचा, पण इथे तो आकडा सॉफ्टवेअरचा आहे. आणि दिशा कळायला दोन ड्रायव्हर पुरतात, कारण कानही दोनच आहेत. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो, जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांश इतका. तो थोडा दबलेलाही असतो. पुढचा-मागचा, वरचा-खालचा फरक मेंदू ओळखतो तो मुख्यतः कानाच्या पाळीच्या वळणांमुळे आवाजात होणाऱ्या बदलावरून. हे सगळं गणिताने घडवता येतं. त्याला एचआरटीएफ म्हणतात.

हे गणित गेमनेच केलेलं उत्तम, कारण शत्रू नेमका कुठे उभा आहे हे गेमला ठाऊक असतं. हेडफोनच्या सॉफ्टवेअरला गेमने आधीच मिसळून दिलेला आवाजच मिळतो. काउंटर-स्ट्राइकसारख्या काही गेममध्ये ही सोय आहे. ती असेल तर चालू करा आणि बाकीचं सराउंड बंद ठेवा. एकावर एक दोन प्रक्रिया झाल्या की आवाज पोकळ होतो आणि दिशा उलट विस्कटते. गाणी ऐकताना तर सराउंड बंदच बरं.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणी छान वाजतात, पण गेममध्ये मित्रांशी बोलायला लागलो की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. हेडफोन खराब आहेत का?

खराब नाहीत. पारंपरिक ब्लूटूथमध्ये गाण्यांसाठी एक पद्धत असते आणि बोलण्यासाठी दुसरी. हेडफोनचा माइक चालू झाला की संगणक त्या दुसऱ्या पद्धतीकडे वळतो. तिच्यात स्टिरिओ राहत नाही आणि ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो. विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचा किंवा वेगळा माइक निवडा, गाण्यांचा दर्जा परत येईल.

उशीर मात्र तरीही राहतो. ब्लूटूथवर आवाज पोहोचायला २०० मिलिसेकंद लागणं सामान्य आहे. सेकंदाला ६० फ्रेम चालणाऱ्या गेममध्ये तेवढ्यात १२ फ्रेम पुढे निघून जातात. बिनतारीच हवं असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा यूएसबी डोंगल मिळणारे हेडफोन बघा. त्यांच्यात उशीर बराच कमी असतो.

२५० ओहमचे हेडफोन वापरलेले, कमी किमतीत मिळताहेत. घ्यावेत का? आणि मागून उघडे चांगले की बंद?

अॅम्प्लिफायर नसेल तर २५० ओहमचे (ओहम हे विद्युत रोधाचं माप) सोडून द्या. संगणकाच्या जॅकवर त्यांचा आवाज बहुधा अपुरा पडेल. १६ ते ८० ओहममधले, चांगल्या संवेदनशीलतेचे, म्हणजे कमी विजेत मोठा आवाज देणारे, हेडफोन सहज चालतात. जॅकमधून घरघर येत असेल तर छोटा यूएसबी ऑडिओ अडॅप्टर लावा, महागड्या साउंडकार्डाची गरज नाही.

खोली शांत असेल आणि शेजारी कोणी झोपलेलं नसेल तर मला मागून उघडे, म्हणजे कपाच्या बाहेरच्या बाजूला जाळी असलेले, हेडफोन आवडतात. झेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा हेडफोन आणला तेव्हापासून ही रचना बाजारात आहे. आवाज डोक्यात कोंडत नाही आणि कान कमी तापतात. पंख्याचा किंवा माणसांचा गोंगाट असेल तर बंदच घ्या.

मुलगा सुट्टीत सहा-सहा तास हेडफोन लावून खेळतो. कान बिघडतील का?

आवाज किती आणि किती वेळ, या दोन्हींवर ते ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढीमागे वेळ निम्मी होते. म्हणजे मुलाने ८१ डेसिबलवर ऐकलं तर आठवड्याला १० तासच उरतात, आणि दिवसाला सहा तास खेळणाऱ्याचे ते दोन दिवसांत संपतात. गोळीबाराचे दणके याहून बरेच वर जातात.

खोली शांत असताना आवाजाची पातळी ठरवा आणि गोंगाट वाढला तरी ती वाढवू देऊ नका. गेममध्ये ‘रात्रीचा मोड’ किंवा मोठ्या आणि बारीक आवाजांतला फरक कमी करायची सोय असेल तर ती लावा. पावलं ऐकू येतात आणि स्फोट दबतात. खेळून उठल्यावर त्याच्या कानात शीळ वाजत असेल आणि ती दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.