पुतण्याचं कंत्राट आणि आपला सोमवार

प्रश्न: आमच्या गल्लीतला फुटपाथ दोन वर्षांत तिसऱ्यांदा उखडलाय. ब्लॉक चांगले होते हो, काही झालं नव्हतं त्यांना. चौकात सगळे म्हणतात कंत्राटदार नगरसेवकांचा सख्खा पुतण्या. मी जाऊन नगरसेवकांना विचारलं तर म्हणाले, "काका, टेंडर काढूनच दिलंय, सगळं नियमात आहे." खरंच नियमात बसतं का हे? की नेत्यांना आचारसंहिता फक्त इलेक्शनपुरती? (नाव छापू नका, पुणे)

उत्तर: नाव नाही छापत काका, निवांत राहा.

इलेक्शनची आचारसंहिता निकाल लागला की संपते, ती सोडा. तुमच्या कामाचं आहे ते महापालिका अधिनियम 1949 मधलं कलम 10. महापालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाचा स्वतःचा किंवा त्याच्या भागीदारामार्फत हिस्सा असेल, प्रत्यक्ष असो की अप्रत्यक्ष, तर तो अपात्र ठरतो. पण घोडं पेंड खातं ते पुढे, कारण कायदा हिस्सा बघतो, नातं नाही बघत. पुतण्या असणं हा काही गुन्हा नाही. त्याच्या फर्ममध्ये नगरसेवकाचे पैसे आहेत असं कागदावर दाखवता आलं तर केस, नाहीतर टपरीवरच्या गप्पा. (याच कलमात काही सवलती पण आहेत, महापालिकेच्या जाहिराती छापणाऱ्या वर्तमानपत्रात वाटा असला तर चालतं म्हणे, आम्हा छापणाऱ्यांची तेवढी सोय केलीये.)

म्हणून माझं ऐका, पुतण्याच्या मागे लागूच नका. फुटपाथच्या मागे लागा. रस्ता असो की फुटपाथ, काम संपलं की ठरावीक काळ ते नीट ठेवायची जबाबदारी कंत्राटदाराचीच असते, त्याला ऑफिसात डीएलपी म्हणतात, डिफेक्ट लायबिलिटी पिरियड. आधीच्या कामाचा डीएलपी चालू असताना ब्लॉक खराब झाले असतील तर जुन्या माणसाने फुकट दुरुस्त करायला हवे होते, आणि खराब झालेच नसतील तर नवीन टेंडर निघालं कशासाठी? दोन्हीकडून प्रश्न अडकतोच बघा, आणि त्यासाठी कोण कोणाचा पुतण्या हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

कागद कसे बघायचे, तर सोमवारी दुपारी 3 ते 5 महापालिकेत नागरिकांना फायली बघू द्यायची सोय होती, माहिती अधिकाराखाली, अजून चालू आहे ना ते आधी विचारून घ्या. पुण्यात हे आधीपासून होतं, मग 2018 मध्ये सरकारने राज्यभर लागू केलं. जाताना मोघम "फुटपाथची माहिती द्या" म्हणू नका, दिवसभर फिरवतील. तिन्ही कामांची वर्क ऑर्डर, मेजरमेंट बुक (झालेलं काम मोजून लिहितात ती वही), बिलं आणि डीएलपीची तारीख, एवढं कागदावर लिहून न्या. फाइल "सापडत नाही" म्हणाले तर 10 रुपयांचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. आणि कोणी पैसे घेतल्याचं ठोस काही हाती असेल तर लाचलुचपतवाल्यांचा नंबर 1064.

राहिला नीतीचा मुद्दा. खासदारांवर नजर ठेवायला एथिक्स कमिट्या आहेत, राज्यसभेची 1997 ची, लोकसभेची 2000 ची, पण तिथे खासदारच खासदारांना तपासतात, म्हणजे काय ते समजून घ्या. तरी कधीकधी होतं बरं का. 1951 मध्ये मुदगल नावाच्या खासदाराने मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत त्यांची बाजू मांडली, तेव्हा त्याच्याच पक्षाच्या नेहरूंनी चौकशी लावली आणि त्याला घरी जावं लागलं. 2005 मध्ये तर प्रश्न विचारायला पैसे घेताना कॅमेऱ्यात सापडलेले 11 खासदार त्याच महिन्यात हाकलले. नगरसेवकांना अशी कमिटी नाही. त्यामुळे "नियमात आहे" हे त्यांचं वाक्य खरं असू शकतं, आणि तरीही सख्ख्या पुतण्याला आपल्याच वॉर्डात काम मिळालं की माणसाला थोडी लाज वाटायला हवी, पण ती काही कलम 10 मध्ये लिहिलेली नाही.

प्रश्न: आमच्या बागेतल्या बाकांवर "यांच्या सौजन्याने" लिहून नगरसेवकाचं नाव टाकलंय. बाक त्यांनी स्वतःच्या पैशातून दिले का? (एक आजी, पुणे 38)

उत्तर: आजी, बहुतेक नाही. नगरसेवकाने सुचवलेल्या कामांसाठी बजेटमध्ये तरतूद असते, आपल्याकडे तिला 'स' यादी म्हणतात, आणि बाक, कापडी पिशव्या, बादल्या, नावाच्या पाट्या हे सगळं त्यातूनच येत आलंय. म्हणजे सौजन्य तुमच्या मिळकतकराचं. क्षेत्रीय कार्यालयात विचारा बाक कुठल्या निधीतून घेतले, एका अर्जात कळेल. तोवर बसा बिनधास्त. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात एका बाकाचा पाय मोडलाय, वरचं नाव मात्र नुकतंच रंगवलेलं दिसतंय, अर्जात तेही लिहा.