वीणा वाजवणं आणि संस्कृत काव्य हीच आपली रोजची पूजा असू शकते का?

हो, नक्कीच. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५) स्वतः वीणा वाजवायचे आणि त्यांच्या बहुतेक रचना संस्कृतमध्येच आहेत, कांचीपुरम, तिरुवारूर अशा क्षेत्रांतल्या देवतांवर, त्यात ‘गुरुगुह’ ही त्यांची मुद्रा, म्हणजे रचनेत गुंफलेली सहीच. म्हणजे काव्य, साधना, पूजा सगळं एकच.

वीणेवर शब्द कुठे असतात असं लोक विचारतात, पण रचना पाठ असली ना की अक्षर आलं की तार छेडायची आणि दीर्घ स्वर असेल तर तीच तार पडद्यावर बाजूला खेचत गमक घ्यायची, म्हणजे स्वर झुलवायचा, मग बोटं आपोआप स्तोत्र म्हणायला लागतात, खरंच! फक्त आधी अर्थ समजून घ्या आणि पदं नीट सोडवून म्हणा, हे मला वाजवण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. ऐकायला कुणी नसलं तरी चालतं, देव असतोच की.