मुलगी पालिकेच्या शाळेत आहे, तिथे काय चाललंय हे पालकांना कळणार कसं?

हेडमास्तरांना शाळा व्यवस्थापन समितीची पुढची मीटिंग कधी आहे ते विचारा आणि समितीवरच्या पालकांचे नंबर घ्या, बरंचसं तिथूनच कळतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार ही समिती असावीच लागते, त्यात किमान तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अनुदान कुठं खर्च झालं ते बघणं आणि शाळा विकास आराखडा बनवणं हे तिचंच काम, त्यामुळे संडास, पाणी, खिचडी, कमी पडणारे शिक्षक, काहीही बिनधास्त विचारा. मी अशा समितीवर होतो म्हणून सांगतो, नुसतं तोंडी बोलून येऊ नका, इतिवृत्तात नोंद करायला लावा, नाहीतर पुढच्या मीटिंगला कुणालाच काही आठवत नाही. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर त्यात राहा, पण तिथे सुट्ट्यांचे मेसेज नि गुड मॉर्निंगच जास्त. फक्त एक, विनाअनुदानित खाजगी शाळांना हे कलम लागू नाही, त्यामुळे पुढे शाळा बदललीत तर तिथे पालक-शिक्षक संघाकडे जावं लागेल.