वाचकांचे प्रश्न : नाळ वर उचलते, बोट उसळते, एका बाजूला कलते

या वेळी बहुतेक पत्रं एकाच विषयावर आलीत, आउटबोर्डला (बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाला) लावायचा हायड्रोफॉइल फिन आणि ट्रान्समला (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीला) लावायचे ट्रिम टॅब, म्हणजे वर-खाली होणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या. त्यातली चार घेतोय, बाकीच्यांचीही उत्तरं यातच मिळतील.

प्रश्न : सर, आमची 18 फुटी फायबर बोट आहे, 40 एचपी टू-स्ट्रोक, हँडलवाली. पर्यटक मागच्या बाकांवर बसले की नाळ (बोटीचं पुढचं टोक) एवढी वर जाते की पुढचं काही दिसत नाही, आणि प्लेनवर (वेग घेऊन पाण्यावरून घसरत चालायला) यायला खूप वेळ लागतो. सगळे म्हणतात फिन लाव. लावू का? – एक वाचक, देवबाग

लावा, पण आत्ता नको. आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी करून बघा कारण निम्म्या बोटींचा प्रॉब्लेम तिथेच संपतो.

तुमची बोट उलाळ झालेल्या बैलगाडीसारखी झालीय, सगळं वजन मागे. इंजिन मागे, पेट्रोलच्या टाक्या मागे, बॅटरी मागे, चालवणारा मागे आणि वरून पर्यटकही मागे. 50 लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ 37 किलो, ती टाकी पुढच्या बाकाखाली नेली (होज लांब लागेल, चांगल्या क्वालिटीचा घ्या) आणि नांगर-दोर पुढे ठेवला की लगेच फरक जाणवतो. पर्यटकांना बसवताना जड माणसं मध्ये आणि पुढे, लहान मुलं मध्ये, हे तुम्ही नीट सांगितलं तर कोणी नाराज होत नाही.

मग इंजिनाचा कोन. पॉवर ट्रिम (बटणाने इंजिनाचा कोन बदलायची सोय) नसलेल्या इंजिनाला ब्रॅकेटवर भोकांची रांग असते आणि त्यात एक आडवी पिन असते, ती बऱ्याच जणांनी इंजिन बसवल्या दिवसापासून हलवलेलीच नसते. पिन एक भोक आत, म्हणजे ट्रान्समकडे घ्या. पंख्याचा (प्रोपेलरचा) जोर मागचा भाग उचलायला लागतो आणि नाळ खाली येते. फार आत घेतलीत तर नाळ पाण्यात घुसायला लागेल आणि हँडल जड होईल, तेव्हा एकेक भोक करूनच बघा.

तिसरं म्हणजे पंखा. इंजिनाच्या पुस्तकात फुल थ्रॉटलची आरपीएम रेंज दिलेली असते, तुमच्यासारख्या इंजिनाला बहुतेक वेळा 4500 ते 5500. टॅकोमीटर लावून भरल्या बोटीत बघा, त्याच्या खाली राहत असेल तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकेल ते अंतर) जास्त आहे. पिच 1 इंचाने कमी केला की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात आणि बोट लवकर उठते. रिकाम्या बोटीत टॉप स्पीड थोडा जाईल, पण तुम्हाला माणसं न्यायचीत, रेस लावायची नाहीये.

एवढं करूनही जड वाटली तर फिन लावा. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते, जिला आपल्याकडे सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, तिच्यावर हा पंखासारखा तुकडा बोल्ट होतो. बोट उठताना तो पाण्यात असतो आणि मागचा भाग वर ढकलतो, त्यामुळे बोट लवकर प्लेनवर येते आणि कमी स्पीडलाही प्लेनवर टिकते. आता यातली खरी मेख ऐका, प्लेनवर आल्यावर तो फिन पाण्याच्या वर किंवा अगदी पृष्ठभागाला घासत राहिला पाहिजे. इंजिन खोल बसवलेलं असेल तर तो कायम पाण्यात बुडलेला राहतो, ओढ वाढते, पेट्रोल खातो आणि नाळ सतत खाली दाबतो, मग लोक म्हणतात फिन बेकार. दुसऱ्या कोणाला तरी चालवायला द्या आणि मागे वाकून नीट बघा. प्लेनवर असताना प्लेटच्या वरून पाण्याचा जाड लोट जात असेल तर अख्खं इंजिन ट्रान्समवरच्या बोल्टच्या भोकांत एक भोक वर उचला (कोनाची पिन नव्हे). उलट वळताना इंजिन एकदम ओरडत असेल, पंख्यात हवा जात असेल, तर ते जास्त वर गेलंय.

आणि ही गोष्ट तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. संगमावर कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे बाहेरून आत येताना लाट मागून येते. मागची लाट बोटीचा मागचा भाग उचलते, फिनही उचलतो, नाळ पाण्यात रुतते आणि बोट नाळेवर वळायला बघते, हँडल ऐकत नाही, आणि बोट आडवी झाली की पुढची लाट सरळ आत. फिन लावल्यावर तिथे माणसं पुढून मध्ये घ्या, पिन आधीच बाहेरच्या भोकात ठेवून निघा आणि लाटेच्या पाठीवर राहून या, लाटेला ओव्हरटेक करू नका. इंजिन बंद करायची लाल दोरी मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेली पाहिजे, खिशात नाही. पहिल्या काही फेऱ्या पर्यटक न घेता मारा. प्रवासी बोट आहे तेव्हा मेरीटाईम बोर्डाच्या सर्व्हेला हा बदल स्वतःहून दाखवा.

प्रश्न : मग ट्रिम टॅबच का लावू नयेत? ते जास्त चांगले असतात म्हणे. – एक वाचक, तारकर्ली

चांगले असतात यात वादच नाही, पण बोट रोज वाळूवर ओढत असाल तर ट्रान्समखालच्या त्या स्टीलच्या पट्ट्या पहिल्याच आठवड्यात वाकतील. फिन इंजिनासोबत वर टिल्ट होतो म्हणून किनाऱ्यावर लागणाऱ्या बोटीला तोच बरा. टॅब जेटीला किंवा मूरिंगला राहणाऱ्या बोटींसाठी, आणि तिथेही शिंपले चिकटतात ते खरवडत राहावं लागतं.

प्रश्न : माझी 19 फुटी डीप-व्ही (खोल व्ही आकाराच्या तळाची) बोट आहे, 115 एचपी, पॉवर ट्रिम. फिन आहे. तरीही मांडव्याहून गेटवेला दुपारी निघालो की बोट डावीकडे कलते आणि लाटांवर आपटते. बायको पुढे बसायलाच तयार नाही. – एक वाचक, अलिबाग

फिन हे करूच शकत नाही. तो मधोमध आहे, नाळ वर-खाली एवढंच त्याचं काम, डावं-उजवं त्याला कळत नाही. तुम्हाला टॅब हवेत.

कलते का ते सांगतो, म्हणजे विश्वास बसेल. दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि मांडव्याहून गेटवेकडे जाताना तो तुमच्या पुढून डावीकडून लागतो. वारा नाळ उजवीकडे ढकलतो, तुम्ही नकळत स्टिअरिंग थोडं डावीकडे धरता, आणि डीप-व्ही बोट ज्या बाजूला वळवाल त्या बाजूला झुकते, म्हणून ती वाऱ्याच्याच दिशेला कलते. मग व्ही-ची धार लाट कापायच्या ऐवजी डावीकडचा सपाट भाग लाटेवर आपटतो. वहिनींचं बरोबर आहे!

डावा टॅब थोडा खाली केला की डावा मागचा कोपरा उचलला जातो, बोट सरळ होते आणि नाळही जराशी खाली येऊन लाट कापायला लागते. बटण अगदी टिचकीसारखं दाबा, दोन-तीन सेकंद थांबा, बोटीला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो. धरून ठेवलंत तर दुसऱ्या बाजूला कलेल आणि तुम्ही मागे-पुढे करत बसाल. बऱ्याच स्विचवर बटणं नाळेच्या हिशोबाने लावलेली असतात, डावं बटण म्हणजे नाळेची डावी बाजू खाली, म्हणजे प्रत्यक्षात उजवा टॅब हलतो, हे जेटीवर उभं राहूनच एकदा बघून घ्या.

साइजसाठी नेहमीचा हिशोब म्हणजे बोटीच्या दर फुटामागे प्रत्येक बाजूला 1 इंच रुंदी, तुम्हाला 18 इंचाचे चालतील. बाहेरच्या कडेपासून 3-4 इंच आत, आणि इंजिनाकडच्या बाजूला मोकळी जागा सोडा, नाहीतर पंख्याकडे ढवळलेलं पाणी जातं. टॅब लावल्यावर फिन काढून बघा, बहुतेक लागणारच नाही. संध्याकाळी परत येताना तोच वारा आणि लाट मागून असते, तेव्हा दोन्ही टॅब पूर्ण वर, इंजिन थोडं बाहेर ट्रिम करून नाळ उचललेली ठेवा. जेटीला रिव्हर्स घेतानाही टॅब वर, नाहीतर टॅब हलवणाऱ्या सिलिंडरवर सगळा भार येतो.

प्रश्न : मिशिगनमध्ये तळ्यावर 17 फुटी ॲल्युमिनियम बोट चालवतो, इंजिन नवं आहे. ठराविक स्पीडला नाळ सारखी वर-खाली उसळत राहते. फिन लावावा तर प्लेटला भोकं पाडायची भीती वाटते. – एक वाचक, अमेरिका

आधी इंजिन पूर्ण आत ट्रिम करा. उसळणं थांबलं तर कोन जास्त बाहेर होता एवढंच. थांबलं नाही तर बोट ट्रेलरवर असताना तळाला, ट्रान्समपासून पुढे चार-पाच फूट, सरळ पट्टी लावून बघा. मागच्या टोकाशी पट्टी आणि तळ यात फट दिसली, म्हणजे तळ मागे वर वळलाय, तर उसळणं तिथूनच येतंय, आणि मग फिन किंवा टॅब काहीही लावलंत तरी उपयोग होईल.

भोकं न पाडता क्लॅम्पने बसणारे फिन मिळतात, नव्या इंजिनाला तेच घ्या. वॉरंटीबद्दल डीलरकडून लेखी घ्या. पुढे कधी बोल्टचा लावलात तर स्टेनलेस बोल्टला मरीन ग्रीस किंवा अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावा कारण स्टील ॲल्युमिनियमला खातं, नायलॉक (आपोआप ढिले न होणारे) नट वापरा आणि पहिल्या फेरीनंतर परत आवळा.

आणि प्लेटच्या खाली, पंख्याच्या मागे एक छोटा तिरपा पत्रा असतो, त्यालाही ट्रिम टॅबच म्हणतात पण तो वेगळा, तो स्टिअरिंगची ओढ काढायला असतो. फिन लावल्यावर बोट एका बाजूला ओढायला लागली तर त्याचा बोल्ट ढिला करून मागचं टोक, बोट ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला, थोडंसं वळवा, आणि बोल्ट घट्ट करून मगच पाण्यात न्या.