एन/ए गेला म्हणून खूश होऊ नका

तुम्ही लिहिलंय की दोन्ही याद्यांत कोड डोळ्यांना अगदी सारखा दिसतो, तरी एक्सेलमधलं व्हीलुकअप (एका यादीतला कोड दुसऱ्या यादीत शोधून त्यापुढचा आकडा आणणारं फंक्शन) एन/ए, म्हणजे ‘सापडलं नाही’, दाखवतं. फॉर्म्युल्यातलं शेवटचं फॉल्स (‘तंतोतंत तेच शोध’ ही सूचना) काढलं की मात्र आकडे येतात, तर तसंच ठेवू का? वाचून पोटात गोळा आला. नका ठेवू. मी ठेवलं होतं.

फॉर्म्युल्यातली डॉलरची चिन्हं, रेंज वगैरे तुम्ही तपासलंच असेल, त्यात शिरत नाही.

आमच्या सभासदांची यादी माझ्याकडे होती आणि कोणाकडे किती बाकी आहे ती यादी एका कार्यालयाच्या वेबपेजवरून कॉपी करून घ्यावी लागायची. फॉर्म्युला लावला तर खालपर्यंत एन/ए. स्पेस असेल म्हणून ट्रिम (जादा स्पेस काढणारं फंक्शन) चालवलं, काही फरक नाही. मग मी ठरवून टाकलं की स्पेसचा प्रश्नच नाही. कंटाळून फॉल्स काढलं आणि सगळा रकाना आकड्यांनी भरला! फक्त पहिल्या ओळीत एन/ए उरला, तो मी हाताने भरला. (तिथेच शंका यायला हवी होती.) बाकी कळवणारी पत्रं रवाना.

पहिला फोन आला तो सगळे पैसे भरलेल्या माणसाचा. एखादी चूक होते म्हणून त्यांची ओळ सुधारून दिली. दुसरा, तिसरा फोन आल्यावर यादी उघडून बसलो तेव्हा दिसलं, प्रत्येकाला त्याच्या वरच्या ओळीतल्या माणसाची बाकी गेली होती. ज्यांना चुकून ‘बाकी शून्य’ कळवलं, त्यांच्यापैकी अर्थातच एकाचाही फोन आला नाही.

झालं असं: वेबपेजवरच्या प्रत्येक कोडच्या शेवटी एक न दिसणारी जागा चिकटलेली होती. ही साधी स्पेस नव्हे, संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो, हिचा क्रमांक १६०. ट्रिम फक्त ३२ क्रमांकाची नेहमीची स्पेस काढतं, हिला हातही लावत नाही. व्हीलुकअपमधली चौथी गोष्ट (तेच शेवटचं फॉल्स) लिहिलीच नाही की ते तिथे ट्रू धरतं, म्हणजे तंतोतंत नाही मिळालं तर त्याहून लहान असलेल्यांतलं सर्वांत मोठं उचलतं. मी शोधत होतो ‘अ१०४’. तिकडे होता ‘अ१०४’ अधिक ती जागा, म्हणजे किंचित मोठा. मग सापडला कोण? अ१०३. यादी कोडप्रमाणे लावलेली होती म्हणून चूक निदान शिस्तीत एकेक घर सरकली. ट्रूला यादी चढत्या क्रमातच लागते, नाहीतर काय उचलेल याचा नेम नाही.

तेव्हा आधी दोन्ही सेलवर लेन (अक्षरं मोजणारं फंक्शन) लावा. एकीकडे ४ आणि दुसरीकडे ५ आलं तर चोर सापडला. जास्त आकडा आलेल्या सेलमध्ये एफ टू कळ दाबून शेवटचं न दिसणारं अक्षर निवडा, कॉपी करा, फाइंड-रिप्लेसच्या वरच्या चौकटीत पेस्ट करा आणि खालची रिकामी ठेवून सगळीकडून काढा. मूळ फाइलवर नको, प्रतीवर करा. कोड नुसत्या आकड्यांचे असतील तर ती जागा गेल्यावर एक्सेल त्यांना संख्या समजतं, मग सुरुवातीची शून्यं उडू शकतात, आणि १६ आकडी क्रमांक असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल १५च आकडे सांभाळतं. लेन दोन्हीकडे सारखंच आलं तर बहुधा एकीकडे संख्या आणि दुसरीकडे मजकूर आहे, तो वेगळा उपाय.

तुमच्याकडे एक्सलुकअप (व्हीलुकअपचा नवा भाऊ) असेल तर तेच वापरा, ते न सांगता तंतोतंतच जुळवतं. इंडेक्स-मॅच (हेच काम करणारी फंक्शनांची जोडी) वापरणाऱ्यांनी हसू नये, मॅचमधलं शेवटचं ० विसरलात तर हाच घोळ तुमच्याकडेही. आणि इफएररने (चूक आली तर त्याजागी दुसरं काही दाखवणारं फंक्शन) एन/एच्या जागी शून्य दाखवायची फॅशन मला मुळीच पटत नाही. सापडलं नाही आणि बाकी नाही, यात फरक आहे की नाही? मी काही संगणकातला माणूस नाही, हिशेब ठेवणारा आहे, त्यामुळे कोणाला याहून चांगली रीत माहीत असेलही.

त्या कार्यालयाला मी दोनदा लिहून कळवलं. ‘आमच्या स्क्रीनवर बरोबर दिसतंय’ एवढंच उत्तर आलं. यादी अजून तशीच येते, शेपटीसकट. मी ती आधी एका वेगळ्या शीटवर ओततो, शेपट्या छाटतो, लेन बघतो आणि मगच फॉर्म्युल्याला हात लावतो.